येळवशीच्या रात्री दोन कॅमेरे: कमी उजेडात फिल्म आणि डिजिटल कसं पारखावं

लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, असते. दुपारी भज्जी आणि आंबिलावर ताव मारून पाहुणे गावाकडं वळतात, दिवस मावळतो, आणि मग कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून शेताला फेरी घालायची वेळ येते. आकाशात चंद्र नसतो. शेतातल्या लाइनला त्या वेळी लाइट असेलच असं नाही. कडब्याच्या कोपीत पुजलेल्या पाच पांडवांपुढं एक दिवा, हरभऱ्याच्या कडेनं पळणारा एक जाळ, बाकी सगळा काळोख. कमी उजेडात फिल्म बरी की डिजिटल, हे पारखायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नुसती संवेदनशीलता (तिचा आकडा म्हणजे आयएसओ) मोजायची असेल तर वाद कधीच मिटला आहे. आजचा साधा फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर ६४०० आयएसओला जे दाखवतो ते ३५ एमएमची कुठलीही फिल्म दाखवू शकत नाही. तरीही दोन्ही कॅमेरे घेऊन जावं असं मला वाटतं, कारण अंधारात दोघं दोन वेगळ्या टोकांना हरतात. निगेटिव्ह फिल्म सावलीत हरते: जिथं पुरेसा प्रकाश पोचला नाही तिथं निगेटिव्ह कोरीच राहते, आणि त्यातून नंतर काही निघत नाही. उजेडाकडं मात्र ती बरंच सहन करते. डिजिटलचं नेमकं उलटं. सावलीतून तो खरवडून खरवडून काढतो, पण ज्योत एकदा पांढरी फटक झाली की तिथं काहीच उरत नाही. दोन्हीकडचं एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, वेगळ्या डोक्यानं ठरवायचं ते याचसाठी, आणि खाली जे सांगतो आहे ते सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

आधी जोडी सारखी करा

एकाच्या हातात एफ/३.५ ची किट लेन्स आणि दुसऱ्याच्या हातात एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, असली (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), तर तुलना लेन्सची होते. दोन्ही बॉडींवर एकच लेन्स लावा. माझ्याकडं निकॉन एफएम१० आणि त्याच कंपनीची एक फुल फ्रेम डीएसएलआर आहे, आणि दोन्हींवर जुनी ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स चढते. इथं एक बारीक खाच आहे. या लेन्सला अपर्चरची, म्हणजे छिद्र लहान-मोठं करायची, रिंग असते. डिजिटल बॉडीवर लावताना ती २२ वर नेऊन लॉक करावी लागते, नाहीतर पडद्यावर ‘एफईई’ अशी अक्षरं येतात आणि शटर पडत नाही. एफएम१० वर लावताना लॉक सोडून रिंग हातानं फिरवायची. अंधारात घाईत लेन्स बदलताना हे हटकून विसरतं. माझे तीन फोटो एफ/२२ वर गेले. म्हणजे निगेटिव्हवर काहीच नाही. नवीन ‘जी’ लेन्सला रिंगच नसते, त्यामुळं ती अशा जुन्या बॉडीवर कायम सगळ्यात लहान छिद्रावर अडकते. तिचा उपयोग नाही.

तुमची डिजिटल बॉडी क्रॉप सेन्सरची असेल तर फिल्मवर ५० आणि डिजिटलवर ३५ एमएम लावा, म्हणजे चौकट साधारण सारखी येईल. पण निकाल बघताना लक्षात असू द्या की तो सेन्सर क्षेत्रफळानं निम्म्याहून लहान आहे. एका स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) हार त्याला घरातूनच मिळालेली असते.

बाकी सामान थोडंच: ट्रायपॉड, केबल रिलीज, वही-पेन, आणि डोक्याला बांधायची लहान बॅटरी. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावा. पांढऱ्या झोतानं एकदा डोळे दिपले की पुढची काही मिनिटं व्ह्यूफाइंडरमध्ये काहीही दिसत नाही.

कोणता रोल

कृष्णधवलमध्ये सुरुवात इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स यानं करा. दोन्ही ४०० च्या फिल्म आहेत आणि दोन्ही पुश, म्हणजे डबीवरच्या आकड्याहून जास्त आयएसओवर काढून जास्त वेळ डेव्हलप करणं, सोसतात. इल्फर्ड डेल्टा ३२०० किंवा कोडॅक टी-मॅक्स पी३२०० च्या डबीवरचा आकडा बघून भुलू नका. त्यांची खरी संवेदनशीलता हजाराच्या आसपास आहे. ३२०० हा आकडा जास्त वेळ डेव्हलप करण्याच्या हिशेबानं दिलेला. डेल्टा मी एकदोनदाच वापरली. दाणा, म्हणजे फिल्मचे दिसणारे कण, मोठा, पण गालावर दिसायला गोड.

रंगीत फिल्मची गोष्ट अंधारात अवघड होते. बहुतेक रंगीत निगेटिव्ह दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे साधारण ५५०० केल्विनसाठी (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा) बनवलेली असते. दिव्याची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास. फरक इतका की सगळी चौकट नारिंगी होते आणि निळ्या थराला जवळपास काहीच मिळत नाही. निळा फिल्टर लावून दुरुस्त करायला जावं तर दोन स्टॉप उजेड तोच खातो, आणि आपल्याकडं मुळात दोन स्टॉप आहेत कुठं? सिनेस्टिल ८००टी ही बल्बच्या उजेडासाठी, ३२०० केल्विनची फिल्म. तिच्यावर दिव्यांभोवती लाल वलय उमटतं, कारण सिनेमाच्या फिल्मच्या पाठीवर असणारा काळा थर तिच्यात काढलेला असतो. काहींना ते वलय फार आवडतं. लग्नाच्या मांडवात प्रत्येक माळेभोवती लाल घेर दिसला की मला नकोसं होतं.

उजेड मोजायचा कसा

कॅमेऱ्याचं मीटर सगळं जग करडं आहे असं धरून चालतं. काळोख्या शेतात मधोमध एक जाळ असेल तर ते काळोख बघून शटर फार वेळ उघडं ठेवतं. जाळाजवळ गेलात तर जाळ बघून फार कमी. म्हणून काही अंदाज तोंडपाठ असलेले बरे. १६०० आयएसओ आणि एफ/१.८ धरून सांगतो. दिव्याजवळच्या चेहऱ्याला सेकंदाचा साठावा भाग. शेकोटीभोवती बसलेल्यांना शंभरावा किंवा त्याहून थोडा कमी. ट्यूबलाइटच्या खोलीत शंभरावा, पण अपर्चर एफ/२.८ वर. हे काही शास्त्र नव्हे. इथून सुरू करा आणि एकेक स्टॉप वर-खाली घ्या.

डिजिटल बॉडी हीच फिल्मसाठी मीटर म्हणून वापरता येते. आधी डिजिटलवर एक फोटो घ्यायचा, बघायचा, आणि आकडे फिल्म कॅमेऱ्यावर उतरवायचे. मीही तेच करतो. पण ते आकडे जसेच्या तसे उतरवू नका. डिजिटलवर आपण ज्योत वाचवायला एक्स्पोजर ओढून धरलेलं असतं. तेच फिल्मला दिलं तर सावली गेलीच म्हणून समजा. फिल्मला निदान एक स्टॉप जास्त द्या. स्पॉट मीटर, म्हणजे एका लहान ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं मीटर, असेल तर आणखी सोपं: ज्या सावलीत तुम्हाला तपशील हवा आहे तिचं रीडिंग घ्यायचं आणि त्याहून दोन स्टॉप कमी द्यायचं. उजेडाची काळजी फिल्मच घेते.

फोटो तीन फेऱ्यांत घ्या

पहिली फेरी सारख्या आकड्यांची. दोन्हीकडं १६००, एफ/१.८, साठावा भाग. माणूस तोच, दिवा तोच. मी आमच्या तात्यांना कोपीच्या तोंडाशी बसवलं होतं, मागं अंधारात ढवळ्या बैल. तात्यांना वाटलं फोटो निघतच नाही आहे. “का रं, बॅटरी दाऊ का तोंडावर?” असं दोनदा विचारून झालं. प्रत्येक कॅमेऱ्यावर तीन-तीन फोटो घ्या, कारण साठाव्या भागाला माणूस हलतो, तुमचा हातही हलतो, आणि फिल्मवर ते लगेच दिसत नाही.

दुसरी फेरी ज्याच्या-त्याच्या मर्जीची. डिजिटलला ज्योत वाचेल इतकंच एक्स्पोजर द्या. फिल्मला सावली भरेल इतकं. खरी तुलना हीच.

डिजिटलवर इथं माझी एक चूक झाली ती जरा जवळून सांगतो. हेंडगा पेटला, पहिला फोटो घेतला, हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेड दाखवणारा आलेख, बघितला. उजव्या कडेला जरा जागा शिल्लक होती. निश्चिंत झालो. घरी येऊन उघडतो तर जाळाच्या गाभ्याचा पिवळा पापुद्रा झालेला, आत एकही काडी दिसेना. कॅमेऱ्यावर दिसणारा तो पांढरा हिस्टोग्राम तिन्ही रंगांची सरासरी सांगतो, आणि जाळात लाल रंग बाकीच्यांच्या कितीतरी पुढं पळत असतो. लाल कधीच कडेला आपटून तुटला होता, निळा अजून तळाशीच होता. कॅमेऱ्याच्या मेनूत लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय असते. ती चालू करा आणि लालवर नजर ठेवा. मांडवातल्या निळ्या-जांभळ्या एलईडी पार लाइटखाली हेच निळ्याचं होतं.

डिजिटलवर रॉ फॉरमॅटच (सेन्सरची कच्ची फाइल) ठेवा. जेपेगमध्ये कॅमेरा परस्पर नॉइज, म्हणजे अंधारात येणारे रवाळ ठिपके, पुसतो, आणि मग तुम्ही सेन्सर तपासता की त्याच्या आतला इस्त्रीवाला, हे कळत नाही. एलईडीचा किंवा ट्यूबचा उजेड असेल तर शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणतो, आणि त्याहून वेगवान शटरवर चौकटीत पट्टे उमटू शकतात.

फोकस हा दोन्हीकडचा खरा शत्रू. एफएम१० च्या काचेतलं दुभंगणारं वर्तुळ अंधारात अर्धं काळं पडतं. अशा वेळी ज्योतीच्या उभ्या कडेवर फोकस जुळवायचा आणि मग चौकट हलवायची. डिजिटलवर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून बघता येतो. या एका सोयीसाठीच पुष्कळजण फिल्म सोडून गेले असतील.

तिसरी फेरी ट्रायपॉडची, माणसांशिवाय. कोपीतला दिवा, पाच पांडव, कडब्याच्या पेंढ्या. इथं फिल्मची एक खोड कळते. सेन्सरला दहा सेकंद म्हणजे एका सेकंदाच्या दहापट उजेड, हिशेब सरळ. फिल्मवर तसं नसतं. चांदीच्या क्षाराच्या कणावर प्रतिमा धरून राहायला चांदीच्या तीन-चार अणूंची गाठ बनावी लागते. उजेड फार हळू आला तर पहिला अणू दुसरा येण्याआधीच विस्कटतो, आणि मेहनत वाया. म्हणून मीटर सांगतं त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. एचपी५ साठी इल्फर्डचं सूत्र असं: मीटरनं सांगितलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात. आकडेमोड मीच करून ठेवली आहे. मीटरनं ४ सेकंद सांगितले तर ६ द्या, १० सांगितले तर २०, १६ ला ३८, आणि ३० ला जवळजवळ दीड मिनिट. शटर बी वर (बटण दाबून धरलं तोवर उघडं), वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. अर्ध्या सेकंदापर्यंत काही बदलायची गरज नाही.

डिजिटलला इतक्या वेळात वेगळा त्रास होतो. सेन्सर तापतो आणि चौकटीत लाल-निळे ठिपके चमकतात. मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केलं तर कॅमेरा तितक्याच वेळाचा दुसरा काळा फोटो घेऊन ते ठिपके वजा करतो. म्हणजे दीड मिनिटाच्या फोटोला तीन मिनिटं. येळवशीच्या थंडीत हा त्रास कमीच. हाच प्रयोग मे महिन्यात परभणीत केलात तर ठिपके मोजत बसाल.

आणि पुशबद्दल माझं मत: ट्रायपॉड आहे, समोरचं हलत नाही, तर पुश करूच नका. ४०० ची फिल्म ४०० वरच ठेवा आणि वेळ वाढवा. पुश म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करणं. त्यानं मधले आणि उजळ भाग वर येतात, कॉन्ट्रास्ट वाढतो, पण जिथं प्रकाश पोचलाच नव्हता त्या सावलीत काही नवीन उगवत नाही. पुश हलत्या माणसांसाठी, नाइलाजानं. पूर्ण रोल एकाच आयएसओवर काढावा लागतो हेही आलंच. म्हणून तिसरी फेरी वेगळ्या रोलवर घ्या.

धुलाई

रोल काढल्या काढल्या डबीवर पेननं मोठ्या अक्षरात लिहा: ‘१६०० वर, पुश दोन’. मी एकदा न लिहिता रोल कुरिअरनं लॅबला पाठवला. त्यांनी डबीवरचं ४०० बघून नेहमीच्या वेळेत काढला, आणि काचेसारख्या पातळ निगेटिव्ह परत आल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून कृष्णधवल घरीच धुतो. आता फिल्म डेव्हलप करणारी लॅब आपल्या जिल्ह्यांत सापडणं मुश्कील, आणि घरी करायला फार लागतही नाही: एक टँक, चेंजिंग बॅग, थर्मामीटर, दोन-तीन रसायनं. चेंजिंग बॅग नसेल तर अमावस्येच्या रात्री खिडक्यांना गोधड्या लावलेली आतली खोली चालते. पाच मिनिटं आत उभं राहून हात दिसतो का बघा. दिसला तर खोली चालणार नाही.

एचपी५ १६०० वर काढली असेल तर मायक्रोफेन या डेव्हलपरच्या स्टॉक (जास्तीचं पाणी न मिसळलेल्या) द्रावणात २० अंशांना ११ मिनिटं, आयडी-११ च्या स्टॉकमध्ये १४. पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटा-सुलटा, पुढं दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच. मला मायक्रोफेन जास्त भावतं. सावलीत पाव-अर्धा स्टॉप जास्त राहतो. येळवशीच्या दिवसांत टाकीतलं पाणी २० च्या जवळपास असतं, त्यामुळं काम सोपं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. मग बर्फाची पिशवी बादलीत सोडून डेव्हलपर, फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं रसायन) आणि धुवायचं पाणी सगळंच एका तापमानाला आणावं लागतं. डेव्हलपर थंड आणि पाणी गरम असं झालं तर फिल्मचा थर सुरकुततो.

धुण्याबद्दल एक लातूरकर म्हणून सांगतो. जुन्या पद्धतीत फिल्म वाहत्या नळाखाली अर्धा तास ठेवायची. २०१६ च्या एप्रिलात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्यानंतर नळ असा सोडून द्यायचा धीर कुणाला होणार? इल्फर्डनंच सांगितलेली पद्धत वापरा: टँक पाण्यानं भरून पाचदा उलटा, ओता, पुन्हा भरून दहादा, ओता, पुन्हा भरून वीसदा. तीन टँक पाण्यात फिल्म स्वच्छ. ओतलेलं पाणी झाडांना घालू नका, त्यात फिक्सर असतो. शेवटची बुडी मात्र आरओच्या पाण्यात, वेटिंग एजंटचा (पाणी थेंब न धरता ओघळावं म्हणून) एक थेंब टाकून. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवरून नंतर निघत नाहीत.

पारखताना

संगणकावर शंभर टक्के मोठं करून बघायची सवय आहे, ती इथं फसवते. निगेटिव्ह तुम्ही स्कॅन करणार, बहुधा त्याच डिजिटल कॅमेऱ्यानं मॅक्रो लेन्स लावून. मग दाण्यात सेन्सरचा नॉइजही मिसळतो. म्हणून आठ बाय बाराचे प्रिंट काढा आणि हातभर अंतरावरून बघा. तीन जागा तपासा. एक, गाल, धूर, मावळतीचं आकाश असे करडे भाग: फिल्मचा दाणा इथं सगळ्यात जास्त दिसतो. दोन, काळे कोपरे: डिजिटलचा रंगीत नॉइज तिथं दडून बसतो, आणि सावली उचलली की बाहेर येतो. तीन, ज्योतीची कड.

माझ्या दुसऱ्या फेरीतले दोन प्रिंट तात्यांच्या हातात दिले. फिल्मच्या प्रिंटमध्ये जाळ असा उतरला होता की पेटलेल्या कडब्याची काडी न् काडी मोजता यावी, आणि जाळाकडून काळोखाकडं जाणारा उतार लोण्यासारखा. तात्यांनी तो बघितला, बाजूला ठेवला. दुसऱ्या प्रिंटवर बोट टेकवून म्हणाले, “ह्यात ढवळ्या हाय.” खरंच होतं. डिजिटलच्या फाइलमधून मी तीन स्टॉप सावली उचलली होती आणि मागं बैल उभा होता, शिंगांसकट. फिल्मवर त्या जागी नुसता काळा रंग.

कुठं काय न्यावं

अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तिथं फिल्म नेऊन रोल फुकट घालवू नका; रंग महत्त्वाचे, उजेड नावापुरता, हातात धरून काढायचं. सरळ डिजिटल. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळ्याकुट्ट वाटेत, तर दोन्ही घरी ठेवून पाय कुठं पडतो ते बघा. गोंधळाला मात्र मी फिल्मच नेतो. दिवटीचा जाळ, संबळावर वाकलेला चेहरा, मागं काळोख, आणि त्या काळोखात काय आहे हे कुणालाच बघायचं नसतं. शिवाय शटर पडल्यावर पडद्यात डोकं घालून बसायची सोय नाही, त्यामुळं नजर समोरच राहते. लग्नाचं काम पैसे घेऊन करत असाल तर डिजिटल. नवरीच्या आईला दाण्याचं कौतुक सांगता येत नाही.

उरलेले रोल फ्रिजमध्ये, बंद डब्यात ठेवा आणि वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढून डबी न उघडता तशीच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. विमानानं जाणार असाल तर वेगवान फिल्म एक्स-रेमधून न नेता हातानं तपासायला सांगा. आणि अर्धा काढलेला रोल कॅमेऱ्यात ठेवून उन्हाळा काढू नका. माघ संपायच्या आत उरलेले फोटो कशावर तरी संपवा, चुलीवर का होईना, आणि रोल धुऊन टाका.